नाय म्हाराजा

“गो सुगंधा, तुज्या घोवाक सांग, नाकात कापूस घालून आमका काम जमणा नाय!”

लक्ष्मीने रिकामी टोपली काखेला लावून, वर बघत, हे एवढ्या मोठ्याने म्हटलं की मागच्या साऱ्या बायका खो खो हसल्या. सुगंधाने मात्र मान वर केली नाही. तिच्या डोक्यावर भरली टोपली होती, आणि भरली टोपली डोक्यावर असली की बाईला पायाखालचं तेवढं दिसतं, डोक्यावरचं काही दिसत नाही.

“तूच सांग,” ती चालता चालता म्हणाली. “माजो तो घरात आयकणा नाय, थंय आभाळात काय आयकतलो?”

आभाळात म्हणजे पुलावर. शिरोड्याच्या खालच्या अंगाला, जिथे डोंगर सरळ समुद्रात उतरतो तिथे, कंपनीने खाणीपासून धक्क्यापर्यंत उंच पायांचा लोखंडी पूल उभा केला होता. डोंगरातलं लाल खनिज डब्यांतून त्या पुलावरून खडखडत यायचं, धक्क्यावर त्याचा ढीग पडायचा, आणि बायका टोपल्या भरभरून तो ढीग पुलाखालून पलीकडे नेऊन पडावात ओतायच्या. पडाव ते खनिज लांब नांगरलेल्या बोटीवर न्यायचे आणि बोट ते कुठल्या कुठे परमुलखाला. मुंबई राज्याचं महाराष्ट्र होऊन फार दिवस झाले नव्हते, तेरेखोलपलीकडचा गोवा नुकताच मोकळा झाला होता, आणि मुंबईला न जाताही माणसाला महिन्याच्या महिन्याला पगार मिळू शकतो, ही गोष्ट आसपासच्या गावांना अजून पुरती खरी वाटत नव्हती.

लवू तांडेल त्या पुलाच्या कठड्याला एक पाय अडकवून तेल लावत होता. डब्यात राळ घालून उकळलेलं मोरीचं तेल. मोरी म्हणजे मुशी, शार्क मासा; तिच्या पोटातलं ते तेल, त्याचा वास काय वर्णावा! एकदा नाकात शिरला की तो जेवणाच्या ताटापर्यंत सोबत करतो. पण किनाऱ्यावरचा प्रत्येक होडीवाला पावसाळ्याआधी होडी ओढून वर घेतो आणि तिला हेच तेल पाजतो. लवूच्या बापाने पाजलं, आज्याने पाजलं. लवूही पुलाला दर वर्षी मे महिन्यात तेच पाजत होता.

आता तांडेलाच्या घरातला माणूस होडी सोडून पुलावर कसा चढला, हे सांगायला हवं. लवूला समुद्र लागायचा. अहो, थट्टा नव्हे! सात पिढ्या ज्या घराने वादळात शिडं फिरवली त्या घरात हा एक असा निपजला की वल्ह्याला हात लावला की याच्या पोटात ढवळायला लागायचं. गावाने त्याची थट्टा करून करून हौस फेडून घेतली. बापाने सगळे उपाय केले, नवससायास केले, शेवटी हात टेकले. बाप गेला तशी होडी विकली, आणि ज्या दिवशी ती दुसऱ्याच्या वल्ह्यांनी खाडीतून बाहेर पडली त्या दिवशी लवू घराच्या मागल्या दारी बसून लहान पोरासारखा रडला.

मग कंपनी आली, पूल आला, आणि पुलावर चढून डागडुजी करायला माणूस हवा होता. उंचीची लवूला भीती नव्हती. पहिल्याच दिवशी तो टोकाला गेला, जिथे पुलाचे पाय भरतीच्या पाण्यात उभे असतात, आणि खाली बघितलं. खाली पाणी मागे सरकत होतं. वारा सुटला होता. पूल अंगभर हलके हलके डुलत होता. लवूच्या पोटात काही ढवळलं नाही. त्याला वाटलं, आपण चाललोय. पाणी मागे पडतंय म्हणजे आपणच पुढे चाललोय.

त्या दिवसापासून तो पूल लवूची होडी झाला. ही गोष्ट त्याने कुणाला सांगितली नाही, सुगंधालाही नाही. पण उन्हं कलली, खनिजाची लाल धूळ हवेत अधांतरी राहिली की सगळा धक्का तांबूस धुक्यात बुडून जायचा, आणि लवू वर एकटा उभा राहून डोळे अर्धे मिटून घ्यायचा. मग शिरोड्याचे माड मागे मागे जायचे, तेरेखोलचा किल्ला डावीकडे येऊन निघून जायचा. बाप सुकाणूवर बसून खोकायचा. “लवू, वाऱ्याकडे बघ रे,” म्हणायचा. कुणी तरी खालून हाक मारली की लवू दचकून धक्क्याला परत यायचा.

साहेबांनाही त्याच्या तेलाचं कौतुक होतं. पाटणकर साहेब मिरजेकडचे, समुद्र त्यांनी नोकरीला लागल्यावरच पाहिला. ते लांबून, नाकाला रुमाल लावून, चकाकणाऱ्या पुलाकडे बघून म्हणायचे, “वा लवू! नवरीसारखा सजवलास की रे.” आणि लवू खाली मान घालून हसायचा. जुन्या तेलावर नवं तेल, त्यावर पुढच्या वर्षीचं. खरवडायचं मात्र नाही. होडीची जुनी कात काढू नये, लाकूड उघडं पडतं, घरची बरकत जाते, असं बापाने शिकवलं होतं. लवूने पुलाची कात कधी काढली नव्हती.

तेल लावून झाल्याला आठवडा उलटला असेल. दुपारची वेळ. लवू पुलाच्या डोंगराकडच्या टोकाला होता. धक्क्यावर एक दिवा पुलाच्या खांबाला हातभर लांब लोखंडी दांड्याने जोडलेला होता, त्याच्या खालून बायकांची रांग नेहमीसारखी चालली होती. वारा काही फार नव्हता. दिवा, त्याचा दांडा, त्याची जड लोखंडी टोपी, असं सगळंच्या सगळं खाली आलं, धक्क्याच्या कडेवर आपटलं आणि पाण्यात गेलं. सुगंधा त्या जागेवरून दोन पावलं पुढे गेली होती. मागून येणारी लक्ष्मी टोपली जास्त भरली म्हणून जरा मागे राहिली होती.

क्षणभर कुणाला काही समजलं नाही. मग लक्ष्मीने टोपली टाकून दिली आणि बोंब मारली. लवू पुलावरून पळत आला तेव्हा सुगंधा तशीच उभी होती, टोपली डोक्यावर, दोन्ही हातांनी धरलेली. ती टोपली खाली ठेवायची विसरली होती.

“काय झाला नाय माका,” ती म्हणाली. “वायच पाणी दी.”

संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी मिळून कारण शोधून काढलं. किनाऱ्यावरची प्रत्येक जागा कुणाच्या तरी राखणीत असते. धक्का झाला, माणसं आली, डोंगर फोडला, आणि या जागेच्या राखणदाराला कुणी नारळ दिला नाही, कोंबडा दिला नाही. तो किती दिवस गप्प बसणार? त्याने दिवा टाकला. अंगावर टाकला नाही, नुसता समज दिला, हेच त्याचे उपकार. गावातले म्हातारे दाजी घाडी, गावाच्या वतीने देवापुढे गाऱ्हाणं घालण्याचा मान ज्यांच्या घराकडे, त्यांनाही हे पटलं. साहेबांनी वारा म्हटलं, पण बायका काम करायला तयार होणार असतील तर राखणदाराला मान द्यायला त्यांची ना नव्हती. बुधवार ठरला.

लवू ओहोटीची वाट बघत होता. पाणी उतरल्यावर तो चिखलात शिरला आणि दांडा वर काढला. दांडा सुंदर दिसत होता! वरचं तेल तसंच्या तसं, तपकिरी, तुकतुकीत, कुठे ओरखडा नाही. फक्त जिथे तो खांबाला वेल्डिंगने जोडला होता, तिथून तुटला होता. लवूने त्या तुटल्या जागेत नख घातलं. चिरोट्याला नख लावल्यावर पापुद्रे सुटतात तसे गंजाचे पापुद्रे सुटले. आत लोखंड नव्हतंच, नुसती तांबडी भुकटी होती. त्याने बोट जिभेला लावलं. खारट.

तो तिथेच चिखलात बसला. बाहेरची कात शाबूत आणि आतला जीव गेलेला. लाकूड तेल पितं, फुगतं, वाचतं. लोखंड तेल पीत नाही. समुद्रावरून उडालेलं मीठ त्याने कधी खरवडलं नव्हतं, ते मीठ आत, वर तेल, त्यावर तेल, त्यावर तेल. वर्षानुवर्षं त्याने मीठ आपल्या हाताने आत कोंडलं होतं आणि मीठ आतल्या आत जोड खात बसलं होतं. बाहेरून कुणाला दिसणार? त्याला स्वतःलाही दिसलं नाही.

मग तो वर चढला. पुढच्या दिव्याच्या जोडाला त्याने सुरीचं टोक लावलं आणि जरा दाबलं. टोक आत गेलं. लोखंडात सुरी जात नसते हो! तो त्याच्या पुढच्या जोडाकडे गेला, तिथेही गेलं. कठड्याच्या एका पट्टीला गेलं, एका कमानीला नाही गेलं. खालून कुणी तरी “लवू, काय करतस रे?” म्हणून विचारलं, आणि लवूने काय केलं, तर बोट तेलात बुडवून सुरीची सारी भोकं एकेक करून लिंपून टाकली. पूल पुन्हा चकाकायला लागला.

घरी सुगंधा चुलीपुढे बसून हसत हसत शेजारणीला सांगत होती की दिवा कसा पडला, लक्ष्मी कशी नाचली. शेजारीण गेल्यावर लवू म्हणाला, “फाल्या जाव नको.”

“कित्याक?”

“जाव नको म्हटलंय तर जाव नको. राखणदार...”

“राखणदाराक बुधवारी कोंबो देतत मा? आणि मी एकटीच घराक बसान काय करू? लक्ष्मी जातली, बाकीची जातली. तेंच्या डोक्यार काय लोखंडाची कवटी आसा?”

तिने त्याच्याकडे निरखून बघितलं. “तुका काय झाला?” तिने विचारलं. “जेवलस पण नाय.”

काय सांगणार? सांगितलं तर पूल बंद होणार. पावसाळा तोंडावर, त्यात धक्का कित्येक महिने झोपणार, आणि या शेवटच्या आठवड्यांवरच साऱ्या बायकांची बेगमी. ती बेगमी बुडणार, आणि लवूला तरी पुलावर कोण ठेवून घेणार? आणि पूल खरवडायचा. सगळी कात काढायची. बापाची होडी एकदा गेली होती, ही दुसऱ्यांदा जाणार. अंथरुणावर पडल्या पडल्या तो डोळे मिटायचा आणि पूल चालायला लागायचा. माड मागे जायचे, बाप खोकायचा, आणि मग खालून सुगंधा भरली टोपली डोक्यावर घेऊन चालत यायची. तिला वर बघता येत नव्हतं. लवू हाक मारायचा आणि तोंडातून आवाज फुटायचा नाही.

बुधवारपर्यंत तो पुलावरच राहिला. प्रत्येक दिव्याशी जाऊन उभा राहायचा, जणू हाताने धरून ठेवणार होता. खालून बायका गेल्या की श्वास सोडायचा, पुन्हा आल्या की धरायचा. त्याने गुपचूप दोन-तीन दिवे सुंभाने आवळून बांधले. पण दिवे किती, पट्ट्या किती, आणि लवू एकटा.

बुधवारी सकाळी धक्क्याच्या वरच्या अंगाला सुरंगीच्या झाडाखाली सगळे जमले. तिथे एक पाषाण होता, त्याला राखणदार मानलं. दाजी घाडी धूतवस्त्र नेसून पुढे उभे राहिले. साहेब चपला काढून, हात जोडून एका बाजूला. बायका पदर घेऊन मागे. लवू पुरुषांच्या रांगेत. कोंबडा एका गड्याच्या हातात मान वळवून सगळ्यांकडे बघत होता. दाजींनी नारळावर हात ठेवला आणि खड्या आवाजात सुरुवात केली.

“बा देवा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळे एका सुरात.

“ह्या डोंगराच्या, ह्या धक्क्याच्या, ह्या खाडयेच्या राखणदारा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आज ही तुजी लेकरां सगळी तुज्या पायाकडे गोळा झाली आसत म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

गाऱ्हाण्याला एक लय असते. लहानपणापासून कानावर पडलेली. दाजी म्हणतात, गाव होकार देतो, आणि ऐकता ऐकता माणूस त्या लयीत वाहून जातो, कसलं दुखणं आपलं एकट्याचं राहत नाही. लवूही वाहत होता. त्याला बरं वाटत होतं. किती तरी दिवसांनी बरं वाटत होतं. डोळे मिटलेले, सुरंगीचा वास, पाण्याचा आवाज, आणि सगळ्यांच्या गळ्यात मिसळलेला आपला गळा.

“तुजो मान देवचो रवलो, तेचो राग येवन तू जो दिवो खाली टाकलस म्हाराजा...”

“नाय म्हाराजा.”

लवूला आधी कळलंच नाही की हे कोण बोललं. सगळ्यांचं ‘व्हय’ तोंडातच राहिलं होतं. दाजी वळून बघत होते. साहेब बघत होते. गाऱ्हाण्यात आजवर कुणी ‘नाय’ म्हटल्याचं कुणाच्या बापजन्मी ऐकिवात नव्हतं.

“राखणदारान काय एक करूक नाय,” लवू म्हणाला. त्याचा आवाज फार बारीक येत होता. “दिवो तेना टाकूक नाय. माज्या तेलान टाकल्यान. भायरसून बरा दिसता, आत सगळे जोड कुसलेले आसत. मी सुरी घालून बघलंय. आणखी पडतले. आज नायतर फाल्या कोणाच्या तरी डोक्यार पडतले. तेचो आळ देवार घालू नकात दाजीनू.”

“शिरा पडो तुज्या तोंडार!” दाजींचा तोल सुटला. “गाऱ्हाण्यात नाय म्हणतस? देवाच्या तोंडार?”

“देवाक माहीत आसा,” लवू म्हणाला. “तुमका माहीत नाय होता, म्हणान सांगलंय.”

बायकांत कुजबूज उठली. साहेबांनी चपला पायात सरकवल्या आणि एवढंच म्हणाले, “लवू, चल. दाखव.”

साहेब त्या दिवशी पहिल्यांदा नाकाला रुमाल न लावता पुलावर चढले. लवूने सुरी लावून दाखवली. दुसऱ्या जोडाला, तिसऱ्या जोडाला. बऱ्याच वेळाने साहेबांनी कठडा धरला, मग तो लवूनेच तेल लावलेला आहे हे आठवून सोडला.

“वास मारतो म्हणून मी कधी वर चढलोच नाही रे,” ते म्हणाले. “खालूनच चकाकताना बघत राहिलो. तुला तेल लावायला शिकवलं तुझ्या बापाने. मला तर शाळा-कॉलेजात लोखंड कसं गंजतं हेच शिकवलं होतं.” मग म्हणाले, “पण आता इथे तुला एकट्याला ठेवता येणार नाही. वेल्डिंगचा माणूस बोलवावा लागेल. तू त्याच्या हाताखाली राहशील?”

“ऱ्हवतंय,” लवू म्हणाला.

धक्का त्याच दिवशी बंद झाला. बायका घरी गेल्या. लक्ष्मी जाता जाता लवूपुढे थांबली आणि तिने त्याच्या पुढच्या-मागच्या साऱ्या पिढ्यांचा उद्धार केला. तिचं तरी काय चुकलं? घरात तीन खाणारी तोंडं आणि पावसाळा दारात. लवूने सगळं ऐकून घेतलं.

घरी सुगंधाने भात वाढला, खाडीतल्या निवट्या माशांचं कालवण वाढलं, पाण्याचा तांब्या ठेवला. तो हात धुऊन आला तेव्हा म्हणाली, “सगळ्यांच्या म्होरे सांगलस. माका घरात सांगूक तुका तोंड नाय होता?”

“तुका सांगलं असतंय तर तू गप रव म्हटलं असतस.”

ती भांडी गोळा करत थांबली. “व्हय,” ती म्हणाली. “म्हटलं असतंय.” आणि मग पुष्कळ दिवस दोघांत कामापुरतंच बोलणं राहिलं.

बांद्याहून सत्यवान नावाचा वेल्डर आला. त्याने आल्या आल्या सांगितलं, “पयली ही घाण काढा.” पावसाळाभर, उघडीप मिळेल तशी, दोघांनी कात काढली. तासणीखाली तेलाच्या थरामागून थर सुटायचा आणि धक्क्यावर पडायचा, आणि लवू खाली बघायचा नाही. थराखालून काळं, खड्डे पडलेलं लोखंड उघडं व्हायचं. कुसलेले जोड सत्यवानने कापून काढले आणि नवे भरले. त्यावर, लोखंड कोरडं ठणठणीत असेल त्याच दिवशी, गंज धरू नये म्हणून शेंदराचा हात. “पुलाचो मारुती केल्यानी,” म्हणून लोक हसले.

आणि शेवटी तारा. साहेबांनी सांगितलं होतं, “जोड आज ना उद्या जाणारच, समुद्र कुणाला सोडत नाही. पण जोड गेला तरी वस्तू खाली येता कामा नये, तिथल्या तिथे लोंबकळली पाहिजे.” म्हणून प्रत्येक दिवा, प्रत्येक पट्टी, प्रत्येक सुटी वस्तू तारेने पुलाच्या मुख्य अंगाला बांधायची. हे काम लवूकडे आलं. तांडेलाच्या घरात गाठ शिकवावी लागत नाही. तो एकेक गाठ मारायचा, तारेला स्वतःच्या अंगाचा भार देऊन लोंबकळून बघायचा, मग पुढे सरकायचा. सत्यवान म्हणायचा, “पुरे रे, हत्ती टांगूचो आसा काय?” लवू पुढची तार हातात घ्यायचा.

पूल मात्र आता चालत नव्हता. लवूने टोकाला उभं राहून, डोळे अर्धे मिटून पाहिलं होतं. पाणी मागे सरकायचं, माड आपल्या जागीच राहायचे. बाप खोकत नव्हता. लाल रंगाचं लोखंड होतं, त्यावर तो उभा होता, एवढंच. त्या दिवशी त्याला होडी विकली त्या दिवसापेक्षाही वाईट वाटलं, पण रडू आलं नाही.

गणपती पाण्यात गेले आणि धक्का उघडला. डब्यांतून खनिज आलं, ढीग पडला, पडाव लागले. बायका टोपल्या घेऊन आल्या आणि पुलाच्या अलीकडे थांबल्या. पुढे एकही पाऊल टाकीना.

“लवून स्वताच सांगल्यान हो पूल कुसको म्हणान,” लक्ष्मी म्हणाली. “आता लाल रंग लावल्यार तो शाणो झालो?”

मुकादम ओरडला, साहेबांनी समजावलं. साहेब स्वतः पुलाखालून इकडून तिकडे, तिकडून इकडे चालत गेले. “सायबाच्या डोक्यार जाड टोपी आसा,” मागून कुणी तरी म्हटलं. दाजी घाडी पुन्हा गाऱ्हाणं घालायला तयार होते. पण बायकांना आता त्याचाही धीर वाटेना. दिवा देवाने टाकलाच नव्हता, असं सगळ्यांच्या देखत सांगितलं गेलं होतं. हे सांगणारा लवूच. त्याने त्यांची भीती काढून घेतली नव्हती, तिच्यावरचं औषध तेवढं काढून घेतलं होतं.

दुपार झाली. बायका झाडाखाली बसून राहिल्या. सुगंधाही त्यांच्यातच, टोपली पालथी घालून. मुकादमाने वर खूण केली, डबे तरी चालू राहू देत. लवू पुलावरून उतरला. त्याने आपलं भाकरीचं फडकं घेतलं, एक गोणपाट घेतलं आणि पुलाखाली, बायकांच्या वाटेच्या बरोबर मध्यावर, जिथे दिवा पडला होता तिथे, गोणपाट अंथरून बसला. कुणाकडे बघितलं नाही. भाकरी खाल्ली, पाणी प्यायला, आणि उताणा पडला.

वर डबे खडखडत होते. पूल अंगभर थरथरत होता. त्याला आता ते दिवे खालून दिसत होते, बायकांना कधीच दिसले नव्हते तसे. प्रत्येक दिव्यापाशी त्याची तार होती, प्रत्येक तारेला त्याची गाठ. तो एकेक गाठ डोळ्यांनी मोजत गेला. तिसरी, चौथी. नुसतं पडून राहायचं, एवढंच त्याने ठरवलं होतं. झोप यावी असं काही त्याच्या मनात नव्हतं. पण दिवा पडल्यापासून तो धड झोपलाच नव्हता. खडखड लांब गेली. ऊन पापण्यांवर तांबूस झालं. कुठे तरी पाणी दगडाला लागत होतं, परत जात होतं, पुन्हा लागत होतं, आणि लवूला सगळ्यांच्या देखत गाढ झोप लागली. तो घोरायलाही लागला, असं पुढे लक्ष्मी सांगायची.

किती वेळ गेला कोण जाणे. झोपेतच त्याला पावलांचा आवाज आला. ओझ्याखालची पावलं जमिनीवर सावकाश, जड पडतात. पावलं जवळ आली. त्याच्या डोक्याशी जरा अडखळली, वळसा घालून पुढे गेली. ती सुगंधाची, हे लवूला झोपेतही कळलं. डोळे उघडले तर ती थांबेल, असं वाटून त्याने ते मिटलेलेच ठेवले. मग दुसरी पावलं आली, तिसरी आली. मागून लक्ष्मीचा आवाज आला, “वाटेत निजलो हा मेलो, आमी चलाचा खयसून?”

भरल्या टोपलीतून थोडी लाल धूळ सांडली आणि लवूच्या कपाळावर, पापण्यांवर पडली. त्याने ती पुसली नाही.